२, ८, २०, २८, ५०, ८२, १२६: अणुकेंद्रातली कवचं येतात कुठून?

कॅल्शियमच्या अणुकेंद्रात २० प्रोटॉन असतात. न्यूट्रॉनांची संख्या मात्र बदलती. सम संख्येचे समस्थानिक ओळीने मांडले आणि प्रत्येकातून दोन न्यूट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते ते पाहिलं, तर आकडे असे येतात (नावातला आकडा म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून): कॅल्शियम-४० ला २८.९ एमईव्ही, ४२ ला १९.८, ४४ ला १९.१, ४६ ला १७.८, ४८ ला १७.२ आणि ५० ला ११.५. एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट. रासायनिक बंध तोडायला जेमतेम काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, त्यावरून इथला पल्ला लक्षात यावा.

ही ओळ पुन्हा वाचा. १९.८ पासून १७.२ पर्यंत आकडा हळूहळू उतरतो. पण त्याच्या दोन्ही टोकांना तो धाडकन कोसळतो. पहिली पडझड २० न्यूट्रॉनांनंतर, दुसरी २८ नंतर. एकविसावा आणि एकोणतिसावा न्यूट्रॉन आधीच्यांपेक्षा बराच सैल बांधलेला असतो. कवचरचना म्हणतात ती मुळात एवढीच: ऊर्जेच्या पातळ्यांमध्ये मध्येमध्ये मोठी दरी असते, आणि दरीखालच्या सगळ्या जागा भरल्या की पुढच्याला दरीपलीकडे बसावं लागतं.

दोन-दोन न्यूट्रॉन काढायचं कारण साधं आहे. न्यूट्रॉन जोडीने बसतात आणि जोडी फोडायला जादा ऊर्जा मोजावी लागते. एकेक काढत गेलात तर आलेख करवतीसारखा वरखाली होतो आणि कवचाची पायरी त्या दातांमध्ये हरवते. आणखी एक खोच: कॅल्शियम-४० मध्ये प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सारखेच आहेत, आणि अशा केंद्रांना थोडी वेगळी जादा बांधणी मिळते. म्हणून पहिल्या पडझडीचे सगळे ९ एमईव्ही कवचाच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. २८ वरची ५.७ ची पडझड त्या मानाने निर्मळ आहे.

हाच प्रकार ५०, ८२ आणि १२६ वरही दिसतो. पुरावे वेगवेगळ्या दिशांनी येतात. कथिलात ५० प्रोटॉन असतात आणि त्याचे तब्बल १० स्थिर समस्थानिक आहेत. शेजारच्या अँटिमनीला दोनच. शिसं-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, म्हणजे दोन्ही बाजूंनी कवच भरलेलं. त्याची पहिली उत्तेजित अवस्था २.६ एमईव्हीवर आहे. दोनच न्यूट्रॉन कमी असलेल्या शिसं-२०६ मध्ये ती ०.८ वर येते, तर युरेनियम-२३८ मध्ये ०.०४५ वर. भरलेल्या केंद्राला डिवचायला ऊर्जा लागते, अर्धवट भरलेलं केंद्र धक्का लागताच हलतं. भरलेली केंद्रं नवा न्यूट्रॉनही सहसा घेत नाहीत. अणुभट्टीतल्या इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या करतात, कारण ते न्यूट्रॉन फार कमी शोषतं. नैसर्गिक झिर्कोनियममध्ये निम्म्याहून किंचित जास्त वाटा ५० न्यूट्रॉनांच्या झिर्कोनियम-९० चा असतो. ताऱ्यांच्या पोटात जड मूलद्रव्यं सावकाश तयार होतात तेव्हा स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि शिसं यांचे ढीग साचतात, तेही याच कारणाने.

या आकड्यांना जादुई अंक म्हणतात. हे नाव यूजीन विग्नर यांनी दिलं असं मानतात, आणि त्यात कौतुकापेक्षा चेष्टाच जास्त होती.

कक्षा असूच कशा शकतात?

अणूतल्या इलेक्ट्रॉनांची कवचं समजायला सोपी जातात. मध्ये जड केंद्र आहे, त्याची ओढ आहे, इलेक्ट्रॉन तिच्यात फिरतात. अणुकेंद्राच्या आत मात्र मधोमध काहीच नाही. तिथे फक्त प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. दोघांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात. ते एकमेकांना अगदी जवळून, अतिशय जोराने ओढतात आणि फारच जवळ आले तर ढकलतात. अशा दाटीत कुणी ठरावीक कक्षेत सुखाने फिरेल, हे पटणं कठीण. दोन पावलं टाकली की टक्कर व्हायला हवी.

म्हणूनच १९३० च्या दशकात वॉल्टर एल्सासर यांनी कवचांची कल्पना मांडली तेव्हा ती रुजली नाही. केंद्र म्हणजे द्रवाचा थेंब, हे चित्र त्या काळी जोरात होतं. १९३५ मध्ये व्हाइत्सेकर यांनी त्यावरून बंधनऊर्जेचं, म्हणजे केंद्र पूर्ण सुटं करायला लागणाऱ्या ऊर्जेचं, सूत्र बांधलं, १९३६ मध्ये नील्स बोर यांनी केंद्रीय अभिक्रियांचं चित्रही तसंच रंगवलं: आत शिरलेला कण लगेच सगळ्यांशी टकरा घेतो आणि आपली ओळख विसरतो. थेंबाचं सूत्र चुकीचं नाहीच. शिसं-२०८ ची एकूण बंधनऊर्जा १६३६ एमईव्ही आहे आणि त्यातली ९९ टक्क्यांहून जास्त ते सूत्र बरोबर सांगतं. कवचाचा वाटा उरलेल्या एका टक्क्याच्या आतला. पण कोणतं केंद्र टिकेल, त्याचा स्पिन (अंगभूत कोनीय संवेग) किती, ते गोल की लांबट, हे सगळं त्या एका टक्क्यात ठरतं.

टकरांच्या कोड्याचं उत्तर पाउलींच्या अपवर्जन नियमात आहे. दोन न्यूट्रॉन एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत, दोन प्रोटॉनही नाहीत. आता खोल पातळीवरचे दोन न्यूक्लिऑन एकमेकांवर आदळायला निघाले असं धरा. टक्कर झाली तर दोघांची अवस्था बदलायला हवी, म्हणजे दोघांना रिकामी जागा हवी. आजूबाजूच्या सगळ्या जागा भरलेल्या. पहिली रिकामी जागा कितीतरी वर. तिथे जाण्याएवढी ऊर्जा दोघांकडे मिळूनही नाही. जायला जागाच नाही, म्हणून टक्कर होत नाही. दाटी आहे म्हणूनच मोकळं फिरता येतं, असा हा उलटा न्याय आहे.

परिणामी प्रत्येक न्यूक्लिऑनला बाकी सगळ्यांची ओढ सरासरी रूपात जाणवते. ती सरासरी ओढ म्हणजे एक विहीर. खोली सुमारे ५० एमईव्ही, तळ सपाट, काठ थोडा उतरता. त्रिज्या साधारण १.२५ गुणिले न्यूक्लिऑनसंख्येचं घनमूळ, एकक फेम्टोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. शिसं-२०८ साठी घनमूळ ५.९ येतं, म्हणजे त्रिज्या ७.४ फेम्टोमीटर. काठाची जाडी ठरवणारा आकडा अर्ध्या फेम्टोमीटरच्या थोडा वर असतो. या आकाराच्या विहिरीला वुड्स आणि सॅक्सन यांचं नाव आहे. ती बाहेरून कुणी खणलेली नाही, न्यूक्लिऑनांनीच मिळून तयार केलेली आहे. याचा परिणाम पुढे दिसेल.

२० पर्यंत सगळं ठीक

गणित सोपं व्हावं म्हणून आधी विहिरीचा आकार स्प्रिंगच्या विभवासारखा, म्हणजे केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढणारा धरतात. मग पातळ्या सारख्या अंतरावर येतात. ते अंतर सुमारे ४१ भागिले न्यूक्लिऑनसंख्येचं घनमूळ, एमईव्हीमध्ये: ऑक्सिजन-१६ साठी १६, शिसं-२०८ साठी ७. प्रत्येक पातळीतल्या जागा मोजल्या तर खालून वर २, ६, १२, २०, ३०, ४२ मिळतात. बेरीज करत जा: २, ८, २०, ४०, ७०, ११२.

पहिले तीन आकडे हवे तेच. पुढचे तिन्ही चुकीचे. निसर्गाला २८, ५०, ८२ आणि १२६ हवेत.

इथे बरेच जण विहिरीच्या आकाराशी खेळत बसले. तळ सपाट केला की जास्त कोनीय संवेगाच्या कक्षा खाली सरकतात, कारण त्या काठालगत फिरतात आणि सपाट तळाच्या विहिरीत काठाजवळही खोली मिळते. त्यामुळे एकाच पातळीतल्या कक्षा थोड्या विलग होतात, हे खरं. पण २० च्या पुढचे जादुई अंक नुसत्या आकाराने कधीच जमले नाहीत.

१९४८ मध्ये मारिया गोपर्ट मायर यांनी ५०, ८२ आणि १२६ चे विखुरलेले पुरावे एकत्र मांडले, त्यामुळे हे आकडे योगायोग म्हणून झटकून टाकणं अवघड झालं. स्पष्टीकरण १९४९ मध्ये आलं, आणि दोन ठिकाणांहून स्वतंत्रपणे आलं: अमेरिकेत मायर, जर्मनीत हाक्सेल, येन्सन आणि सूस. मायर यांनी आपल्या शोधनिबंधात एन्रिको फर्मी यांचे आभार मानले आहेत. स्पिन आणि कक्षा यांच्या युग्मनाची काही खूण दिसते का, असं फर्मींनी विचारलं होतं आणि त्या प्रश्नातून धागा सापडला. १९६३ चं नोबेल अर्धं विग्नर यांना आणि उरलेलं मायर आणि येन्सन यांना विभागून मिळालं.

एक जादा पद, आणि त्याचा हिशोब

न्यूक्लिऑनला स्वतःचा स्पिन असतो, १/२. कक्षेत फिरण्याचा कोनीय संवेग वेगळा. त्याला एल म्हणू. एल ० असेल तर कक्षेचं नाव एस, १ ला पी, २ ला डी, ३ ला एफ, ४ ला जी, ५ ला एच, ६ ला आय. स्पिन आणि कक्षा एकाच दिशेने असतील तर एकूण संवेग जे हा एल अधिक १/२ होतो, विरुद्ध असतील तर एल उणे १/२. जे असलेल्या कक्षेत जागा २जे+१.

मायर आणि येन्सन यांनी धरलेली गोष्ट अशी: स्पिन आणि कक्षा एका दिशेने असतील तर ऊर्जा खाली जाते, विरुद्ध असतील तर वर, आणि हा फरक बराच मोठा असतो. अणूतल्या इलेक्ट्रॉनांतही असं युग्मन असतं, पण तिथे ते चिमूटभर आणि चिन्ह उलटं. अणूची सवय असलेले वाचक इथे हमखास गोंधळतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

एफ कक्षा घेऊ. एल ३, एकूण जागा १४. दोन गट पडतात: जे ७/२ च्या ८ जागा आणि जे ५/२ च्या ६. पहिला गट दीड एकक खाली जातो, दुसरा दोन एककं वर. आठ गुणिले दीड बारा, सहा गुणिले दोन बारा: गुरुत्वमध्य जागच्या जागी, फक्त फाळणी झाली. दोन गटांतलं अंतर साडेतीन एककं. पी कक्षेत, एल १ असताना, हेच अंतर दीड एकक. म्हणजे फाळणी २एल+१ च्या प्रमाणात वाढते, आणि सगळी गंमत या वाढीत आहे. एल लहान असताना फाटलेले तुकडे आपल्याच पातळीत राहतात, म्हणून २, ८ आणि २० ला धक्का लागत नाही. एल ३ पासून पुढे खालचा तुकडा आपल्या पातळीतून सुटून खालच्या दरीत उतरतो.

आता बेरीज करा. २० च्या वर एफ ७/२ च्या ८ जागा एकट्या पडतात: २८. ४० जागा झाल्यावर वरच्या पातळीतून जी ९/२ खाली येते, १० जागा घेऊन: ५०. ७० वर एच ११/२ च्या १२: ८२. ११२ वर आय १३/२ च्या १४: १२६. चारही अंक एका पदाने सुटले. यासाठी चार वेगवेगळ्या युक्त्या लागल्या असत्या तर त्या स्पष्टीकरणावर संशय घ्यायला हवा होता.

खाली उतरलेल्या या कक्षांना घुसखोर म्हणतात, आणि ते नुसतं गमतीचं नाव नाही. शेजारच्या कक्षांच्या तुलनेत त्यांची सममिती, म्हणजे पॅरिटी, उलटी असते. त्यामुळे त्या शेजाऱ्यांत सहजासहजी मिसळत नाहीत आणि प्रयोगात वेगळ्या ओळखू येतात.

ऑक्सिजन-१७ वर ही फाळणी जवळपास उघडी दिसते. ऑक्सिजन-१६ पूर्ण भरलेलं: ८ प्रोटॉन, ८ न्यूट्रॉन. त्यावर एकच जादा न्यूट्रॉन. तो डी ५/२ मध्ये बसायला हवा, आणि तळाच्या अवस्थेचा स्पिन खरोखर ५/२ निघतो. ०.८७ एमईव्हीवर स्पिन १/२ ची अवस्था आहे, म्हणजे न्यूट्रॉन एस कक्षेत गेला. ५.०८ एमईव्हीवर ३/२ ची अवस्था, म्हणजे तो डी ३/२ मध्ये पोचला. डी कक्षेचे दोन तुकडे ५ एमईव्हीने दूर. चुंबकीय आघूर्णही, म्हणजे केंद्र चुंबक म्हणून किती जोरदार त्याचं माप, जुळतं (एकक न्यूक्लियर मॅग्नेटॉन): एकट्या न्यूट्रॉनचा हिशोब उणे १.९१ सांगतो, मोजलेलं मूल्य उणे १.८९.

कुठे चुकतं आणि का

या यशाने हुरळून जाऊन अनेक जण प्रत्येक विषम केंद्राचा स्पिन पातळ्या मोजून सांगायला लागतात. फ्लोरीन-१९ तिथे पहिला फटका देतं. नववा प्रोटॉन डी ५/२ मध्ये, म्हणून स्पिन ५/२ असायला हवा, प्रत्यक्षात १/२. सोडियम-२३ मध्ये अकरावा प्रोटॉन, अपेक्षा पुन्हा ५/२, उत्तर ३/२. दोन्ही केंद्रं गोल नाहीत, लांबट आहेत. लांबट विहिरीत पातळ्यांचा क्रम वेगळा लागतो. त्याची गणितं १९५५ मध्ये निल्सन यांनी केली. आणि गोल केंद्रांतही सगळं जुळतंच असं नाही. बिस्मथ-२०९ म्हणजे शिसं-२०८ अधिक एक प्रोटॉन, याहून स्वच्छ उदाहरण नको. स्पिन बरोबर ९/२ येतो, पण चुंबकीय आघूर्ण हिशोबाने २.६ आणि मोजणीत ४.१. बाहेरचा एक प्रोटॉन आतल्या भरलेल्या कवचालाही किंचित मुरडतो, आणि आघूर्ण त्या मुरडीला फार संवेदनशील असतं.

दुसरी चूक कागदावर होते. पातळ्यांच्या ऊर्जा नुसत्या बेरजेला घातल्या की केंद्राची बंधनऊर्जा मिळेल असं वाटतं. मिळत नाही. विहीर न्यूक्लिऑनांच्या आपसातल्या ओढीतूनच तयार झाली आहे. पहिल्याच्या पातळीत दुसऱ्याची ओढ मोजली आणि दुसऱ्याच्या पातळीत पुन्हा पहिल्याची, तर तीच ओढ दोनदा हिशोबात आली.

तिसरी चूक शब्दामुळे होते. कवच म्हटलं की कांद्याचे पापुद्रे डोळ्यांपुढे येतात. कवच ही जागेतली भिंत नाही, ऊर्जेच्या मापावर जवळजवळ बसलेल्या पातळ्यांचा गट आहे. त्याच शिश्यात तिसऱ्या एस कक्षेतला प्रोटॉन वरच्या पातळीवर असूनही केंद्राच्या अगदी मधोमध सर्वाधिक सापडतो.

हे अनुमान नाही, मोजलेलं आहे. शिसं-२०६ आणि थॅलियम-२०५ यांत फरक एका प्रोटॉनचा. दोन्हींवर वेगवान इलेक्ट्रॉन सोडून विद्युतभाराची मांडणी मोजायची आणि एकातून दुसरी वजा करायची; उरते ती त्या एका प्रोटॉनची कक्षा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या साक्ले इथे हे केलं गेलं. मध्यभागी टोक आणि बाहेर लहान लाटा, असा एस कक्षेचा आकार स्पष्ट निघाला. फक्त उंची गणितापेक्षा कमी होती.

ती कमतरता महत्त्वाची. केंद्रातून इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने प्रोटॉन उडवून कोणत्या कक्षेतून आला ते मोजणारे प्रयोग सांगतात की ज्या कक्षा शंभर टक्के भरलेल्या धरल्या, त्यांत तशा शुद्ध रूपात ६० ते ७० टक्केच सापडतं. पाउलींचा नियम टक्कर पूर्ण होऊ देत नाही, पण क्षणभर वरच्या अवस्थांत डोकावून परत येणं चालूच असतं. म्हणून कक्षा हे चांगलं हत्यार आहे. ती न्यूक्लिऑनची जन्मठेपेची कोठडी नव्हे.

प्रत्यक्ष गणित

आज कवचप्रतिमान वापरून हिशोब करायचा म्हणजे नुसत्या पातळ्या भरायच्या नाहीत. सिलिकॉन-२८ घेऊ. त्यातला ऑक्सिजन-१६ एवढा गाभा गोठवायचा, त्याला हात लावायचा नाही. उरतात ६ प्रोटॉन आणि ६ न्यूट्रॉन. त्यांना डी ५/२, एस १/२ आणि डी ३/२ या तीन कक्षांत मिळून प्रत्येकी १२ जागा. १२ जागांत ६ प्रोटॉन ९२४ प्रकारे बसतात, न्यूट्रॉनही तेवढ्याच. एकूण ८,५३,७७६ मांडण्या. त्यातल्या एका अक्षावरचा एकूण संवेग शून्य असणाऱ्या ठेवल्या की ९३,७१० उरतात. एवढ्या ओळींची आणि स्तंभांची सारणी मांडायची आणि तिच्या खालच्या काही आयगेनमूल्यांना, म्हणजे तळाच्या अवस्थांच्या ऊर्जांना, गाठायचं. सगळी सारणी सोडवत नाहीत. लँचॉस पद्धतीने तळाच्या अवस्था तेवढ्या काढतात.

आत घालायचे आकडे मात्र थोडे. या तीन कक्षांसाठी तीन पातळ्यांच्या ऊर्जा आणि दोन-दोन कणांमधल्या ओढीचे ६३ आकडे पुरतात. प्रयोगात मोजलेल्या शेकडो पातळ्यांशी ते जुळवून घेतले की सगळ्या पट्ट्यातल्या केंद्रांच्या ऊर्जा सरासरी दीड-दोनशे हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत मिळतात. गाभा गोठवल्याची भरपाईही करावी लागते: विजेशी संबंधित गोष्टी काढताना प्रोटॉनचा भार १ ऐवजी १.५ आणि न्यूट्रॉनचा ० ऐवजी ०.५ धरण्याची चाल आहे, कारण बाहेरचे कण हलले की गोठवलेला गाभाही थोडा सोबत हलतो.

वर सरकलं की गणित फुगतं. पुढच्या कवचात २० जागा. क्रोमियम-४८ ला सुमारे १९.६ लाख मांडण्या, निकेल-५६ ला सुमारे १०९ कोटी. त्यापुढे गाभा मोठा धरणं किंवा मांडण्यांवर कात्री चालवणं भाग पडतं, आणि कात्री कुठे चालवली यावर उत्तर बदलू शकतं. दुसऱ्याचा निकाल वाचताना आधी हे पाहावं: कोणता गाभा, कोणत्या कक्षा, किती कण दरी ओलांडू दिले.

६३ आकडे जुळवून न घेता दोन न्यूक्लिऑनांमधल्या मूळ बलापासूनच सुरुवात केली तर? फार वर्षं हे जमलं नाही, आणि अपयश नेमकं कॅल्शियममध्ये दिसलं: कॅल्शियम-४८ मध्ये २८ ची दरी पुरेशी उघडेचना. तीन न्यूक्लिऑन एकत्र आले की जे जादा बल लागतं, जे दोन-दोनच्या बेरजेत येत नाही, ते घातल्यावर दरी उघडली.

अंक सरकतात

जादुई अंक सगळीकडे सारखेच असतात अशी समजूत पाठ्यपुस्तकांनी घट्ट केली. स्थिर केंद्रांपुरती ती ठीक. १९७५ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत न्यूट्रॉनबहुल सोडियमची वस्तुमानं मोजली तेव्हा २० न्यूट्रॉनांजवळ बांधणी अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. भरलेल्या कवचाचं चित्र तिथे बसेना. आज सगळ्यात बोलका नमुना असा: सिलिकॉन-३४ आणि मॅग्नेशियम-३२, दोघांतही २० न्यूट्रॉन, प्रोटॉनांत फरक दोनचा. सिलिकॉनची स्पिन २ असलेली पहिली उत्तेजित अवस्था ३.३ एमईव्हीवर, मॅग्नेशियमची ०.८९ वर. दोन प्रोटॉन काढले आणि न्यूट्रॉनांचं कवच गेलं.

प्रोटॉनचा न्यूट्रॉनांच्या दरीशी काय संबंध? विहीर त्यांनीच केलेली आहे, हे आठवा. सिलिकॉनमध्ये डी ५/२ कक्षेत ६ प्रोटॉन असतात. हे प्रोटॉन डी ३/२ मधल्या न्यूट्रॉनला खास जोराने ओढतात: एकाचा स्पिन कक्षेच्या दिशेने, दुसऱ्याचा उलट, अशा जोडीत टेन्सर बल, म्हणजे स्पिनांच्या दिशांवर अवलंबून असणारं बल, ओढीचं असतं. ताकाहारू ओत्सुका आणि सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या वर्षांत हे उलगडलं. प्रोटॉन कमी होत गेले की ओढ घटते आणि डी ३/२ ही न्यूट्रॉनकक्षा वर सरकते, वरच्या एफ ७/२ च्या जवळ जाते. २० ची दरी बुजत येते. मग दोन न्यूट्रॉन उडी मारून पलीकडे जातात, केंद्र लांबट होतं आणि त्या लांबट होण्यात उडीच्या खर्चापेक्षा जास्त ऊर्जा वाचते. नुसती दरी अरुंद झाली म्हणून मॅग्नेशियम बदललेलं नाही. अरुंद दरी आणि लांबट होण्यातला फायदा, दोन्ही लागतात.

डी ३/२ वर गेली की तिच्या खालची जागा रिकामी होते. तिथे नवी दरी उघडते: ८ अधिक डी ५/२ चे ६ अधिक एस चे २, म्हणजे १६. ऑक्सिजन-२४ मध्ये ८ प्रोटॉन आणि १६ न्यूट्रॉन आहेत आणि ते दुहेरी जादुई केंद्रासारखं वागतं. उलट ८ आणि २० चं ऑक्सिजन-२८ जुन्या पुस्तकाप्रमाणे टणक असायला हवं होतं. जपानमधल्या रिकेन संस्थेतल्या प्रयोगात ते अखेर दिसलं, २०२३ मध्ये तो निकाल प्रसिद्ध झाला, आणि ते बांधलेलंच नाही हे कळलं. चार न्यूट्रॉन टाकून ते ऑक्सिजन-२४ होतं. कॅल्शियममध्येही याच तऱ्हेने नव्या दऱ्या मिळाल्या: ३२ आणि ३४ न्यूट्रॉनांवर. ३४ चा पुरावा, कॅल्शियम-५४ ची २.०४ एमईव्हीवरची अवस्था, २०१३ चा आणि रिकेनचाच. दुसरीकडे निकेल-७८, २८ प्रोटॉन आणि ५० न्यूट्रॉन, इतकं न्यूट्रॉनबहुल असूनही जुन्या अंकांना धरून आहे: पहिली अवस्था २.६ वर.

राहिला प्रश्न त्या जादा पदाचा. स्पिन-कक्षा युग्मन एवढं मोठं का? सापेक्षतेच्या नियमांनी विहीर मांडली तर उत्तराचा एक मोठा भाग हाती येतो. न्यूक्लिऑनवर दोन प्रचंड क्षेत्रं असतात, एक सुमारे ४०० एमईव्हीची ओढ, दुसरं सुमारे ३५० एमईव्हीची ढकल. विहिरीची खोली त्यांच्या वजाबाकीतून येते, म्हणून ती ५० च. युग्मन त्यांच्या बेरजेतून येतं, म्हणून ते मोठं, आणि चिन्हही बरोबर मिळतं. शिवाय हे युग्मन विहिरीच्या काठाच्या उतारावर अवलंबून असतं, म्हणजे ते मुख्यतः केंद्राच्या पृष्ठभागाजवळ काम करतं.

हे पद नेमकं किती आणि जड केंद्रांत कसं बदलतं, याचा निकाल शिश्याच्या पलीकडे लागायचा आहे. १२६ नंतरचा न्यूट्रॉनांचा जादुई अंक १८४ असावा, असं बहुतेक गणितं सांगतात. प्रोटॉनांसाठी मात्र एकमत नाही: जुनी गणितं ११४ म्हणतात, सापेक्षतावादी विहिरी १२० कडे झुकतात, काही १२६ वर अडून आहेत. ११४ क्रमांकाचं फ्लेरोव्हियम प्लुटोनियम-२४४ वर कॅल्शियम-४८ चा मारा करून बनवतात. नैसर्गिक कॅल्शियममध्ये हा समस्थानिक ०.२ टक्केही नसतो, तरी तोच वेचून वापरतात, कारण २० प्रोटॉनांवर २८ न्यूट्रॉन अंगावर बाळगून टिकून राहणारा दुसरा प्रक्षेपक नाही. दोन्ही एक झाले की ११४ प्रोटॉन आणि १७८ न्यूट्रॉन होतात. मग तापलेलं केंद्र तीन-चार न्यूट्रॉन फेकून देतं आणि हाती लागतं १७४ किंवा १७५ न्यूट्रॉनांचं केंद्र. १८४ तिथून अजून नऊ-दहा न्यूट्रॉन पुढे आहे.